उतरल्यानंतरची एक खेळी

जंजिऱ्यावर मी पहिल्यांदा लिहिले त्याला आता पंधरा-सोळा वर्षे झाली. एका दिवाळी अंकात आलेल्या त्या लेखात लाय पाटलांच्या शिड्यांचा प्रसंग सांगून झाल्यावर मी निकालच देऊन टाकला होता. मोरोपंत पिंगळ्यांच्या लोकांनी त्या रात्री हयगय केली आणि म्हणून जंजिरा हातचा गेला, असे मी छापून मोकळा झालो. त्या वेळी कोणी आक्षेप घेतला नाही. उलट दोन-चार पत्रे आली, ती सगळी शाबासकीची. आज तो निकाल मला मागे घ्यायचा आहे. तो मागे घ्यायला मला भाग पाडले ते एखाद्या नव्या बखरीने किंवा पोर्तुगीज दप्तरातल्या कागदाने नव्हे, तर संगणकावरच्या एका खेळाने. हे वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. माझ्याही पडल्या असत्या.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. अलिबागेत छोटा छापखाना चालवत आलो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, निवडणुकीच्या दिवसांत हँडबिले. किल्ल्यांचा नाद तरुणपणी लागला आणि वाचत वाचत वाढला. भाचा पुण्यात नोकरीला लागला तेव्हा त्याने आपला जुना लॅपटॉप मला आणून दिला. ‘मामा, टायपिंगला बरा पडेल,’ म्हणाला. त्यातच तो खेळ होता. छापखान्याचे काम ओसरत चालले होते आणि रात्री झोप लागत नव्हती. सहा-सात वर्षे मी तो खेळ खेळलो. घरच्यांच्या मते वाया घालवली.

खेळाचे नाव ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर या अमेरिकन रचनाकाराने १९९१ साली तो पहिल्यांदा बाजारात आणला. माझ्याकडे होता तो त्याचा चौथा भाग, २००५ सालचा, मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन. नकाशा चौकोनी घरांचा. बुद्धिबळासारखे पाळीपाळीने खेळायचे. आपल्या पाळीत आपण आपली सगळी पथके, जहाजे, गावे हलवायची, मग बाकीच्या राज्यांनी त्यांची. या एका पाळीला मी खेळी म्हणतो. खेळ इसवी सनापूर्वी ४००० मध्ये सुरू होतो. सुरुवातीला एक खेळी म्हणजे चाळीस वर्षे आणि अखेरीस एक वर्ष. म्हणजे जहाजातून किनाऱ्यावर उतरायला एक वर्ष लागते! यावर हसू येणे साहजिक आहे. पण बुद्धिबळातला हत्ती तरी कुठे खऱ्या हत्तीसारखा चालतो? पटावर वर्षे मोजायची नसतात. माझी एक हालचाल आणि माझीच दुसरी हालचाल, यांच्या मध्ये समोरच्याला काय करता येते, एवढेच तिथे मोजायचे असते.

आता किनाऱ्यावरच्या चढाईचे नियम सांगतो. थोडे कंटाळवाणे वाटतील, पण पुढचे सगळे त्यांच्यावर उभे आहे.

गॅलिअन जातीच्या एका जहाजात तीन पथके मावतात. पुढच्या काळातल्या वाहतूक जहाजात चार. जहाज बुडाले की आतली पथकेही गेली. शत्रूचे बंदर घ्यायचे तर दोन मार्ग असतात. पहिला, जहाजावरूनच थेट गावावर तुटून पडायचे. तसे केले तर बचाव करणाऱ्याला पन्नास टक्क्यांचा जादा लाभ मिळतो. नदी ओलांडून हल्ला केला तर हाच लाभ पंचवीस टक्के असतो, यावरून समुद्राची किंमत कळावी. दुसरा मार्ग, गावाशेजारच्या मोकळ्या घरात उतरायचे आणि पुढच्या खेळीत जमिनीवरून हल्ला चढवायचा. यात दंड नाही. मात्र पाण्यातून जमिनीवर पाय ठेवताच त्या पथकाची त्या खेळीतली सगळी चाल संपते. घोडदळ असले तरी संपते. ते तिथेच उभे राहते आणि खेळी शत्रूकडे जाते.

नवखा खेळाडू हिशेब करतो, की पन्नास टक्क्यांचा दंड कशाला सोसा? उतरू या, सगळे एका जागी जमवू या, मग मारू या. मीही तेच केले. अशोक घेऊन खेळत होतो. समोर स्पेनची इसाबेला. आठ गॅलिअन, चोवीस पथके. सेव्हिलच्या शेजारी सपाट मैदानात उतरवली आणि निवांत चहा करायला उठलो. परत येऊन पाहतो तर तिने आपल्या रस्त्यांवरून आतल्या चार गावांची शिबंदी सेव्हिलला आणली होती. दगड फेकणारी यंत्रे माझ्या त्या एका घरावर सोडली होती. या यंत्रांचा गुण असा, की एका पथकाशी लढताना ती त्याच घरातल्या इतर पथकांनाही जखमी करतात. माझी माणसे जितकी दाटीने उभी, तितका तिचा फायदा. पुढच्या खेळीला माझ्याकडे नऊ पथके उरली होती आणि तीही लंगडी. शिवाय तिचे रस्ते तिच्याच कामाचे, युद्धात परक्याला ते वापरता येत नाहीत. तिची माणसे चार घरे धावत येतात आणि माझी त्याच रस्त्यावर एकेक घर सरकतात.

पुढे मी शिकलो. उतरायचे तर टेकडीवर किंवा रानात, जमल्यास मध्ये नदी येईल असे. आरमार अशा पाण्यात उभे करायचे, की तिथून दोन-तीन बंदरांवर सारखाच धाक राहील आणि शत्रूला आपली शिबंदी वाटून ठेवावी लागेल. आधी युद्धनौकांनी तटबंदीचे बळ खच्ची करायचे. आणि खरा घाव घालायचा तो उतरून नव्हे, जहाजावरूनच. काही पथकांना अनुभवाच्या जोरावर एक खास बढती देता येते, मग तो पन्नास टक्क्यांचा दंड पडत नाही. मरीन पथकांना तर ती जन्मतःच असते. खेळाच्या दुसऱ्या भागापासून मरीनची ओळख हीच. अशी पथके असली की एकाच खेळीत तट पाडून, थेट जहाजावरून शिरून बंदर घेता येते, आणि शत्रूची पाळी येते तेव्हा आपण त्याच्याच तटाच्या आत बसलेलो असतो. म्हणजे सगळी विद्या एकाच गोष्टीसाठी आहे. उतरल्यानंतरची ती एक खेळी शत्रूला द्यायची नाही.

(पाचव्या भागात, २०१० साली, रचनाकारांनी वाहतूक जहाजेच काढून टाकली. पथके स्वतःच पाण्यात उतरून होडी होतात. भाच्याला ते सुटसुटीत वाटते. मला ते पटलेले नाही. जहाज बांधायचे नाही, भरायचे नाही, राखायचे नाही, तर समुद्र ओलांडला काय आणि माळ ओलांडला काय!)

हे ध्यानात आल्यावर मी माझ्या जुन्या वह्या पुन्हा काढल्या. आधी पाहिली ती घराजवळची लढाई, कुलाब्याची. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर आले. त्याआधी मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर हात पोळून घेतले होते. या खेपेला कमोडोर मॅथ्यूजची राजाची लढाऊ जहाजे मदतीला होती आणि गोव्याचा व्हाइसरॉय जातीने आला होता. फौजा चौलला जमल्या आणि तिथून जमिनीने अलिबागेकडे आल्या. कुलाबा ओहोटीला पायी गाठता येतो, हे आम्हा अलिबागकरांना नवीन नाही. पण चौलला जमायला, तोफा उतरवायला, चालत यायला जो वेळ गेला, त्या वेळात शाहू महाराजांकडून कुमक येऊन पोहोचली. पिलाजी जाधव आले, बाजीराव पेशवे आले. इंग्रजांचा तटावर चढण्याचा प्रयत्न फसला, मराठी घोडदळ पोर्तुगीजांच्या बगलेवर आले आणि दोघांचीही दाणादाण उडाली. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत एका स्वाराचा भाला घुसला. जानेवारीत पोर्तुगीजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह करून टाकला आणि इंग्रज चडफडत मुंबईला परतले.

ही लढाई मी अनेकदा सांगितली होती, ती कान्होजींच्या आणि बाजीरावांच्या पराक्रमाची म्हणून. तशी ती आहेच. पण आता मला तिच्यात इसाबेलाचे रस्ते दिसू लागले. समुद्रातून येणारा चौलला उतरला आणि खेळी शाहू महाराजांकडे गेली. घाटावरून घोडे कोकणात उतरायला लागणारा वेळ त्याने आपण होऊन दिला.

यापेक्षाही स्वच्छ उदाहरण मिळाले ते मुंबईतून निघालेल्या, पण मराठीत फारशा न लिहिल्या गेलेल्या एका मोहिमेत. १६ ऑक्टोबर १९१४ या एकाच दिवशी मुंबई बंदरातून हिंदी सैन्याच्या दोन मोहिमा निघाल्या. एक पूर्व आफ्रिकेला, जर्मनांचे टांगा बंदर घ्यायला. मेजर जनरल आर्थर एटकिनच्या हाताखाली सुमारे आठ हजार माणसे. दुसरी इराणच्या आखाताकडे, ब्रिगेडियर जनरल डेलामेनची सोळावी ब्रिगेड, म्हणजेच पुणे ब्रिगेड. तिच्यात ११७वी मराठा पलटण होती. साताऱ्या-कोकणाकडच्या घराघरांतून पहिल्या महायुद्धातल्या ‘मेसपोटेम्या’च्या गोष्टी अजून निघतात, त्या मुलखाचे दार उघडले ते या ब्रिगेडने.

टांग्याला काय झाले पाहा. २ नोव्हेंबरला ‘फॉक्स’ ही क्रूझर एकटीच बंदरात शिरली. टांग्याबाबत पूर्वी एक स्थानिक तहनामा झाला होता, तो आता रद्द आहे असे आधी जर्मनांना कळवणे कप्तान कॉलफील्डला आवश्यक वाटले. शरण या, तासाभराची मुदत, असा निरोप त्याने दिला. जर्मन अधिकारी विचारून सांगतो म्हणून किनाऱ्यावर गेला आणि त्याने तार ठोकली. मग कॉलफील्डने बंदरात सुरुंग आहेत का याची चौकशी केली. आहेत, असे उत्तर मिळाले, आणि नसलेले सुरुंग काढण्यात आणखी वेळ गेला. सैन्य उतरू लागले ते रात्री, गावापासून दूर, रास कासोनेच्या बाजूला.

इकडे पॉल फॉन लेटो-फोरबेक हा जर्मन सेनापती उसांबारा रेल्वेने माणसे आणत होता. ही रेल्वे मोशीपासून टांग्यापर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटर. ३ नोव्हेंबरच्या सकाळी पहिल्या हिंदी पलटणी पुढे सरकल्या तेव्हा गाडीतून उतरलेल्या जर्मन आणि आस्करी तुकड्यांनी त्यांना मागे रेटले. तरीही एटकिनने त्याच दिवशी पुन्हा जोर केला नाही. उरलेले सैन्य उतरवण्यात दिवस गेला. त्या रात्री लेटो-फोरबेक सायकलवर बसून रिकाम्या टांगा गावात हिंडून पाहणी करून आला. ४ तारखेला एटकिनने सगळी फौज पुढे घातली तेव्हा समोर हजारभर माणसे नीट मोर्चे बांधून बसली होती. मधमाश्यांची पोळी उठली आणि त्या दोन्ही बाजूंना चावल्या, ही गोष्ट खरी आहे. पण इंग्रजी वर्तमानपत्रांनी पुढे पराभवाचे खापर मधमाश्यांवरच फोडले, ते सोयीचे होते म्हणून. ५ तारखेला फौज जहाजांवर परतली. साडेतीनशेच्या वर माणसे मेली होती. किनाऱ्यावर सोळा मशिनगन, शेकडो रायफली आणि सुमारे सहा लाख काडतुसे सोडून यावे लागले. लेटो-फोरबेकने पुढची लढाई काही काळ याच मालावर चालवली.

आता दुसरी मोहीम. डेलामेनची ब्रिगेड २३ ऑक्टोबरला बहारीनला पोहोचली आणि गाजावाजा न करता थांबली. तुर्कस्तानशी युद्ध ५ नोव्हेंबरला पुकारले गेले. ६ नोव्हेंबरला ‘ओडिन’ या नौकेने शत अल-अरबच्या मुखाशी असलेल्या फाव किल्ल्यातल्या तोफा गप्प केल्या आणि त्याच दिवशी सुमारे सहाशे लोक उतरून फाव ताब्यात आले. मग ब्रिगेड नदीने वर सरकली आणि नोव्हेंबर संपायच्या आत बसरा पडले. तुर्कांची तिथली बरीच फौज दुसऱ्या आघाड्यांवर गेलेली होती, आणि फावच्या मागे मोशीसारखी रेल्वे नव्हती.

एकच बंदर, एकच तारीख, एकाच सैन्यातल्या पलटणी. टांग्याला गेलेले शिपाई फावला गेलेल्यांपेक्षा भित्रे होते, असे म्हणायला काही आधार नाही, जरी तसे लिहिणारे त्या काळी निघाले. फरक होता तो मधल्या वेळाचा. टांग्याला आधी निरोप, मग सुरुंगांचा शोध, मग रात्रीची उतराई, मग दिवसभर जमवाजमव. शत्रूला एक सोडून तीन खेळ्या मिळाल्या, आणि त्याच्याजवळ रेल्वे होती. याच्या पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९१५ मध्ये, गॅलिपोलीच्या सुव्हला उपसागरात जनरल स्टॉपफर्डने तर कमालच केली. उतरताना समोर जेमतेम दीड हजार तुर्क होते. तरी तो माणसे आणि सामान किनाऱ्यावर मांडत बसला. दोन दिवसांत मुस्तफा केमाल टेकड्यांवर हजर झाला.

इथपर्यंत खेळाने मला नीट वाट दाखवली. पण त्याच्यात एक मोठी खोट आहे आणि ती कोकणातल्या माणसाच्या लगेच लक्षात येते. त्याच्या समुद्राला भरती-ओहोटी नाही. पाऊसकाळही नाही. आमच्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद असतो, गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असतात. खेळातला समुद्र बाराही महिने निळा आणि सपाट. खऱ्या समुद्रात मधली खेळी केवढी लांब असणार हे पुष्कळदा पाणीच ठरवते. नोव्हेंबर १९४३ मध्ये पॅसिफिकमधल्या तारावा बेटावर अमेरिकन मरीन उतरले तेव्हा भांगाचे पाणी होते. होड्या प्रवाळाच्या कडेवरच अडकल्या आणि माणसांना छाती-छातीभर पाण्यातून, मशिनगनच्या माऱ्यात, शेकडो यार्ड चालावे लागले. शहात्तर तासांच्या त्या लढाईत हजाराच्या आसपास अमेरिकन मेले. खेळातल्या मरीनला दंड पडत नाही, खऱ्या मरीनला पडला. १९७१ च्या डिसेंबरात आपल्या आरमाराने कॉक्स बझारला गुरखा पलटण उतरवायचा प्रयत्न केला, तेव्हा समोर शत्रू नव्हताच म्हटले तरी चालेल. पण जहाज वाळूच्या दांड्यावर टेकले, पुढे खोल पाणी निघाले आणि सामानासकट उतरलेले काही जवान बुडाले. ही हकीकत आपल्याकडे विजयाच्या गर्दीत मागे पडली.

भरती-ओहोटीचा हिशेब आधीच मांडून चढाई कशी करावी, याचा नमुना म्हणजे कोरियातले इंचॉन. तिथे पाणी नऊ-दहा मीटर चढते-उतरते आणि ओहोटीला मैलच्या मैल चिखल उघडा पडतो. १५ सप्टेंबर १९५० ला सकाळच्या भरतीला मरीनच्या एका बटालियनने समोरचे वोल्मी-दो बेट घेतले. मग पाणी गेले. आता संध्याकाळच्या भरतीपर्यंत त्यांना मदत मिळणे शक्य नव्हते आणि मुख्य उतराईही शक्य नव्हती. म्हणजे समोरच्याला एक पूर्ण खेळी देणे भागच होते. मॅकआर्थरच्या अधिकाऱ्यांनी ती दिली, पण त्या वेळात विमाने आणि नौकांच्या तोफा इंचॉनकडे येणाऱ्या वाटांवर राखण करत राहिल्या. संध्याकाळी पाणी चढले आणि मुख्य फौज उतरली.

आता पुन्हा जंजिरा. दोन वर्षांपूर्वी भाचा आला होता, त्याला घेऊन राजपुरीला गेलो. शिडाच्या होडीने निघालो. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पाणी तटाला घासून असते. होडी पायरीला लागते न लागते तोच लाट तिला मागे ओढते, आणि नावाडी हात धरून एकेकाला पायरीवर खेचून घेतो. तो होडीतच उभा राहून तटाकडे बघत म्हणाला, ‘मामा, इथे उतरायला घरच नाहीये.’

बोलणे खेळातले होते, पण वीस वर्षे जंजिऱ्यावर वाचूनही मी ते तसे पाहिले नव्हते. खेळात कधी कधी एकाच घराचे बेट असते आणि त्यावर गाव वसलेले. शेजारी जमीन नाही. तिथे दुसरा मार्ग बंद, फक्त जहाजावरून थेट हल्ला, दंडासकट. जुन्या भागांत तर असे गाव मरीनशिवाय घेताच येत नसे. जंजिरा म्हणजे हे एका घराचे बेट. कुलाब्याला ओहोटीत पायी जाता येते. वसईला चिमाजी आप्पांना जमिनीवर मोर्चे लावता आले, सुरुंग खणता आले आणि समुद्राचे तोंड मानाजी आंग्र्यांच्या आरमाराने धरले. मे १७३९ मध्ये वसई पडली ती याच कारणाने. जंजिऱ्याला मोर्चा लावायला जागा नाही आणि सुरुंग खणायला मातीच नाही.

या नजरेने पाहिले की आपल्या राजांच्या हालचालींचा अर्थ लागतो. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभारला, तो उतरायला घर नाही म्हणून स्वतःचे घर तयार करणे होते. त्या पद्मदुर्गाला रसद वेळेवर पोहोचवली नाही म्हणून प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी जे पत्र लिहिले, त्याचा कडकपणा मराठी वाचकांना ठाऊक आहे. इतका राग का, याचे उत्तर मला आता मिळाले असे वाटते. रसदेचा एक एक दिवस म्हणजे सिद्दीला दिलेली एक एक खेळी होती. पुढे संभाजी महाराजांनी १६८१-८२ च्या मोहिमेत खाडी भरून काढायला घेतली. समुद्राचे घर जमिनीचे करायचा हा उपाय खेळाच्या नियमांत नाही. इतिहासात आहे. अलेक्झांडरने इसवी सनापूर्वी ३३२ मध्ये टायरच्या बेटापर्यंत भराव घातला. सात महिने लागले, आणि शेवटी सिडोन व सायप्रसची जहाजे मिळाली तेव्हाच तट फुटला. संभाजी महाराजांना सात महिने कोण देणार? मोगल सरदार हसन अली खान कोकणात उतरला आणि महाराजांना मागे वळावे लागले.

आणि लाय पाटील. परंपरा सांगते ती कथा अशी. १६७६ च्या सुमारास मोरोपंतांनी जंजिऱ्याला वेढा घातला होता. सोनकोळ्यांचे पुढारी लाय पाटील यांनी रात्री होड्यांतून जाऊन तटाला शिड्या लावायच्या आणि मागून मोरोपंतांच्या लोकांनी येऊन चढायचे, असे ठरले. पाटलांनी शिड्या लावल्या, वाट पाहिली. उजाडू लागले तरी लोक आले नाहीत. शिड्या काढून पाटील परत आले.

मी ‘हयगय’ लिहिले तेव्हा एकच प्रश्न माझ्यासमोर होता, ते का आले नाहीत? आता मी प्रश्न वेगळा विचारतो. यायला त्यांना काय काय करावे लागणार होते? शेकडो माणसे अंधारात होड्यांत भरायची. गजबज करायची नाही, दिवा लावायचा नाही. लाटेवर हलणाऱ्या होडीतून, पाय टेकायला जागा नसलेल्या तटाखाली, हलत्या शिडीवर एकेकाने चढायचे. आणि हे सगळे एकाच भरतीच्या पाण्यात. राजपुरीच्या त्या नावाड्याला भर दिवसा, हसत-खेळत, आम्हा पंधरा माणसांना होडीतून पायरीवर घ्यायला किती वेळ लागला ते मी घड्याळ लावून पाहिले. सात मिनिटे. त्यात दोन म्हाताऱ्या बायका होत्या हे मान्य. पण हातात हत्यार आणि वर पहारा कोणाच्याही नव्हता. शिड्या लावणे ही पहिली हालचाल, चढणे ही दुसरी, आणि दोन्ही एकाच खेळीत बसवल्या तरच उपयोग. शिवाय दोन्ही वेगवेगळ्या लोकांच्या हातात होत्या. कोळ्यांना पाणी ठाऊक होते, मोरोपंतांच्या मावळ्यांना डोंगर. लाय पाटलांनी आपली हालचाल बिनचूक केली. दुसरी त्या रात्रीत बसली नाही. माझ्या मते ती बसणे फार अवघड होते, आणि याला हयगय म्हणणे हे टांग्याचा पराभव शिपायांच्या माथी मारण्यासारखेच झाले.

शिवाजी महाराजांनी या प्रसंगाकडे कसे पाहिले, तेही त्याच परंपरेत आहे. लाय पाटलांना पालखी देऊ केली. दर्यावरच्या माणसाला पालखी काय कामाची, असे पाटील म्हणाले. तेव्हा ‘पालखी’ नावाचे गलबत बांधून त्यांना द्यावे आणि सरपाटीलकीचा मान द्यावा, अशी आज्ञा झाली. हे गलबत बांधून देण्याचे काम महाराजांनी सांगितले ते मोरोपंतांनाच. रसदेच्या दिरंगाईवरून सुभेदाराला फैलावर घेणाऱ्या राजाने इथे मोरोपंतांना दूर केले नाही. महाराजांच्या निधनापर्यंत आणि त्यानंतरही ते पेशवेपदावर होते. हे मला सोळा वर्षांपूर्वीही माहीत होते. लेख लिहिताना मी ते बाजूला ठेवले, कारण त्याने माझा निकाल बिघडत होता. तो निकाल मी मागे घेतो. त्या अंकाची एक प्रत माझ्याजवळ आहे. तिच्या समासात तशी नोंद मी पेन्सिलीने केली आहे.